बेतानं आवळा, आटे जातील

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे दात पडले की त्याचे हाल होतात, असं सगळे म्हणतात. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की बोळक्या तोंडाला आपल्याकडे मोठा मान असतो. गुरगुट्या भात आधी त्याच्या ताटात पडतो. दुधाची साय त्याच्या वाटीत जाते. चपातीचा मऊ पदर त्याला आणि कडा सुनेला. पडवळाची भाजी नको असेल तर "चावत नाही हो" एवढं पुटपुटलं की भागतं. पडवळ चावायला दात लागत नाहीत हे कुणी त्याला तोंडावर सांगत नाही. बारशात, लग्नात त्याला चार शब्द बोलायचा आग्रह होत नाही. नको असलेल्या नातेवाइकाचा फोन आला की "त्यांचं बोलणं आता कळत नाही हो" म्हणून परस्पर मिटवता येतं. शिवाय बोळक्या तोंडानं रागावलं तर कुणी घाबरत नाही, त्यामुळे मनसोक्त रागावता येतं. एवढ्या सवलती ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डावरसुद्धा मिळत नाहीत.

माझ्या मामांनी ह्या सवलती बरीच वर्षं भोगल्या आणि पंचाहत्तरी उलटल्यावर एका रविवारी जाहीर केलं, की आपण फिक्स दात बसवणार. कवळी नाही. हाडात स्क्रू घालून, पक्के, वरचे आणि खालचे. मामीनं सोलत असलेला लसूण खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आता मी परत कडक भाकरी करायची?"

मामा कराडच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दात आणि तंबाखू ह्यांच्यातून त्यांनी तरुणपणीच एकाची निवड केली होती, त्यामुळे ते निवृत्त व्हायच्या आत त्यांचे निम्मे दात निवृत्त झाले. उरलेले हलत होते ते काढून कवळी आली. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिचं एक वेळ ठीक असतं. खालची मात्र केवळ देवाच्या भरवशावर असते. तिला टेकायला जागा थोडी, त्यात मध्ये जीभ. आणि मुख्य म्हणजे दात गेला की त्याच्या खालचं हाड आपलं काम संपलं असं समजून झिजायला लागतं. पहिल्या वर्षात भराभर, मग सावकाश, पण थांबत नाही. खालच्या जबड्याचं तर वरच्यापेक्षा जास्त. साठीला घट्ट बसलेली कवळी सत्तरीला तोंडात फिरायला लागते. ती काही सैल होत नाही, तिच्याखालचा माणूस कमी होतो.

मामांची खालची कवळी म्हणूनच बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात असायची, पेन आणि एस.टी.च्या पासाशेजारी. जेवताना ती काढून ठेवायची, फोटोला घालायची. खायचे आणि दाखवायचे दात वेगळे असतात असं आपण हत्तीबद्दल म्हणतो, पण हत्तीकडे निदान दोन्ही असतात. मामांकडे नुसते दाखवायचेच होते.

ते असंच चाललंही असतं. पण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात कुणीतरी मामांच्या हातात माइक दिला आणि म्हणालं, "साहेब, एकदा होऊन जाऊ द्या." मामांनी तीसेक वर्षं दिवसातून कितीतरी वेळा म्हटलेलं वाक्य: सांगलीहून आलेली, साताऱ्यामार्गे स्वारगेटला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. ह्या वाक्यात 'स' नसलेलं गाव औषधालाही नाही. सांगलीला शिट्टी वाजली, साताऱ्याला दोन वाजल्या आणि स्वारगेटला खालच्या कवळीनं फलाट सोडला. सभागृह हसलं. मामाही हसले, म्हणजे त्यांनी तोंडावर हात धरला. घरी आल्यावर दोन दिवस जेवणाबद्दल तक्रार केली नाही, तेव्हाच मामीला शंका आली होती.

दात एकाच्या तोंडातले असले तरी त्यांच्यावर हक्क सगळ्या खानदानाचा असतो. बातमी फुटली तसे सल्ले यायला लागले. आत्या म्हणाली, ह्या वयात कशाला? हा प्रश्न वरवर काळजीचा वाटतो, पण त्यात सरळ भागाकार असतो: एवढे लाख, भागिले उरलेली वर्षं. एका व्याह्यांनी तर फोनवर विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची देतात?" आणि उत्तर ऐकून, "मग तुम्हाला पुरून उरतील" असा आशीर्वाद दिला. शेजारच्यांनी तेवढ्या पैशात येणाऱ्या सेकंडहँड गाडीचं मॉडेल सांगितलं. मेडिक्लेमवाल्यानं सांगितलं की आमच्या पॉलिसीत दात बसत नाहीत, अपघातात पडले असतील तरच बघता येईल. मामांनी हयात एस.टी.त काढलेली. ते क्षणभर गप्प बसले, तेव्हा ते नक्की काय आठवत होते हे मी विचारलं नाही.

मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचं म्हणणं पडलं, बाबा, बिनधास्त करा. इथं एका जबड्याला जेवढे डॉलर जातात तेवढ्यात तिकडं दोन्ही जबडे होऊन माझं जाण्यायेण्याचं तिकीट निघतं. पैसे तो देणार होता. ज्या डॉलरमध्ये ते येणार होते, त्याच्या एकच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन ओठ घट्ट मिटून बसले आहेत, हे मला तेव्हा जाणवलं. १७८९ साली ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांचे दात लाकडाचे होते ही थाप आहे. ते पाणघोड्याच्या हस्तिदंतासारख्या दाताचे आणि माणसांच्या दातांचे होते, आणि वरची-खालची कवळी स्प्रिंगनं जोडलेली असायची. तोंड मिटून ठेवायलाच जोर लावावा लागे. हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बोलला नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष झाला. इथं उलटं आहे."

डॉक्टर पुण्यात. पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट झाल्यापासून मामांना पुणं जवळ आलं आहे, आणि बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मामीही सोबत येते. एवढ्या मोठ्या खर्चात तेवढीच एक गोष्ट स्वस्तात होत होती, म्हणून मामा प्रत्येक खेपेला तिचा उल्लेख करायचे. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक चुणचुणीत मुलगी. ती मामांना 'आजोबा' म्हणाली. मामांनी मला हळूच विचारलं, "दात बसल्यावर काय म्हणणार?"

तिनं आधी दात सोडून बाकी सगळं विचारलं. तीन महिन्यांची साखर किती? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कधी इंजेक्शनं घेतलीत का? मामांना वाटलं, ही चुकून दुसऱ्याचीच फाइल बघते आहे. पण मुद्दा हाच की ह्या दातांचं काम दातांत होत नाही, हाडात होतं, आणि हाड भरायला रक्त लागतं.

"तंबाखू?"

"सोडली."

"कधी?"

"आत्ताच, खाली गेटपाशी."

ती हसली नाही. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, स्क्रूभोवती हाड धरत नाही, धरलं तरी पुढं हिरड्या कुजतात, असं तिनं शांतपणे सांगितलं आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतरची दिली. मामीनं लग्नापासून जे काम भांडून, रडून, शपथा घालून केलं आणि जमलं नाही, ते त्या मुलीनं अपॉइंटमेंट पुढं ढकलून केलं.

मग स्कॅन. ह्यात माणसानं हनुवटी टेकून स्थिर उभं राहायचं आणि यंत्र आपल्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालतं. मामांनी नकळत हात जोडले. बाहेर आल्यावर पडद्यावर त्यांचा जबडा सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला. स्वतःची कवटी बघून माणूस गंभीर होतो असा माझा समज होता. मामी पुढं वाकून म्हणाली, "अगदी थोरल्या जाऊबाईंसारखं दिसतंय."

त्यानंतर निवड करायची होती. स्क्रू स्वीडनचा, स्वित्झर्लंडचा, इस्रायलचा, कोरियाचा आणि आपला देशी. उतरत्या क्रमानं दर. हे सगळे टायटॅनियमचेच. टायटॅनियम ज्यातून मिळतं ते इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे, त्यावरून चालून आपण चपला झटकतो. मामांनी बराच विचार करून मधला देश निवडला. आपल्याकडे रंग, पंखा आणि वधूवर सूचक मंडळाचं पॅकेज घेतानाही मधलंच घेतात.

आता ही विद्या आली कुठून, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती अस्सल काटकसरीतून आली आहे. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक हाडातून रक्त कसं वाहतं ते बघत होता. दाताचा डॉक्टर तो नव्हताच. सशाच्या पायाच्या हाडात त्यानं टायटॅनियमची एक छोटी नळकांडी बसवली, तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं आत बघायचं. प्रयोग संपला. नळकांडी महाग होती, दुसऱ्या सशाला वापरता येईल म्हणून तो ती काढायला गेला, तर निघेना. हाडानं ती धरून ठेवली होती. एखादा खर्चिक माणूस "जाऊ दे" म्हणून नवी मागवून मोकळा झाला असता आणि जग अजून कवळीतच राहिलं असतं. हा मात्र थांबून विचार करत बसला, की हाडाला हा धातू एवढा आवडला कसा.

पुढं १९६५ साली गोथेनबर्गमध्ये योस्टा लार्सन नावाचा माणूस त्याच्याकडं आला. वय चौतीस, जबड्याची ठेवण जन्मतःच बिघडलेली, टाळू दुभंगलेला, खाली दात नाहीत. त्याच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली गेला, तोवर ते स्क्रू त्याच्या तोंडात कामावर होते. चाळीस वर्षं! मामांचा हिशेब झाला: "म्हणजे मला एकशे सतरापर्यंत काळजी नाही." बाकीच्या जगानं मात्र लगेच विश्वास ठेवला नाही. इतर डॉक्टर कितीतरी वर्षं नाकं मुरडत होते. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत ब्रोनेमार्कनं सगळे कागद मांडले तेव्हा कुठं अमेरिकावाले वळले. मला ह्यात वाईट वाटतं ते सशाचं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ज्याला कधीच नवे दात लागणार नाहीत, त्याच्या पायावर हे सगळं उभं आहे.

प्रत्येक जबड्यात चारच स्क्रू आणि त्यांवर एकसंध बारा दात. मामांना वाटत होतं बत्तीस दातांना बत्तीस स्क्रू. हे चाराचं गणित लिस्बनच्या पाउलो मालो नावाच्या दंतवैद्यानं १९९०च्या दशकात बसवलं. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके. मामांनी एक्सरे उजेडाकडं धरून बघितला आणि मला बाजूला घेतलं. "मागचे दोन्ही वाकडे गेलेत. मुलगी नवी आहे का?" मी त्यांना समजावलं की वरच्या जबड्यात मागच्या बाजूला हाडाच्या आत पोकळी असते, खालच्या जबड्यातून ओठाला जाणारी नस असते, त्यांना चुकवून लांब स्क्रू भक्कम हाडात टेकवायचा तर तो तिरकाच घालावा लागतो. शिवाय तिरका गेल्यानं त्याचं डोकं मागं येतं आणि मागच्या दातांनाही आधार मिळतो, बाहेरून हाड आणून भरायची वेळ बऱ्याचदा टळते. मामांना ते पटलं. पण बत्तीसऐवजी चोवीसच दात मिळणार हे काही पटलं नाही. आठ दातांचे पैसे कापून घ्या, असं ते रिसेप्शनवर जाऊन म्हणाले. सगळ्यात मागच्या दाढा देत नाहीत, कारण आधारापलीकडं लोंबणाऱ्या भागावर जोर पडला तर स्क्रूवर ताण येतो, हे उत्तर रिसेप्शनवरच्या मुलीला येत नव्हतं. तिनं त्यांना चहा दिला.

ऑपरेशनच्या दिवशी जबडा बधिर केला होता, पण मामा जागे होते. भोक पाडताना वरून सारखं गार सलाइन सोडतात. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी ते जळतं आणि स्क्रूला धरत नाही. हेही स्वीडनमध्येच बघितलेलं आहे, आणि तेही, काय सांगायचं, सशांवर. भोकं पाडून झाली. मग तिनं छोटासा पाना घेतला आणि स्क्रू आवळायला सुरुवात केली. पान्यावर जोराचं माप असतं. ठरावीक जोराला स्क्रू घट्ट बसला तर त्याच दिवशी किंवा दोनतीन दिवसांत तात्पुरते दात लावता येतात, नाहीतर महिनोन्महिने थांबायचं. पाना कर्र-कर्र वाजायला लागला. मामांची उमेदीची सगळी वर्षं डेपोशेजारी गेलेली, त्यांना तो आवाज चांगला ओळखीचा. भरल्या तोंडानं, बधिर जिभेनं त्यांनी जे काही सांगितलं ते नर्सला कळलं नाही, पण बाहेर दारापाशी उभ्या असलेल्या मला कळलं.

"बेतानं आवळा मॅडम, आटे जातील."

तात्पुरते दात बसले आणि खरी शिक्षा सुरू झाली. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण ज्यानं केली त्याला तिसरी शक्यता सुचली नव्हती: दातही आहेत, चणेही आहेत, आणि तीन महिने चावायचं नाही. आत हाड स्क्रूला धरत असतं. ह्या काळात तो जराही हलला तर हाडाऐवजी भोवती नुसता मऊ पापुद्रा धरतो आणि सगळं वाया जातं. तेव्हा खिचडी, वरण-भात, उकडलेलं अंडं, कुस्करलेलं केळं. बारा अधिक बारा दात तोंडात घेऊन मामा गुरगुट्या भात खात बसायचे. नेमकी मध्ये संक्रांत आली. तिळाचे लाडू देताना लोक मुद्दाम त्यांच्या हातावर दोन ठेवायचे. मामा "गोड बोला" ऐकून घ्यायचे आणि लाडू खिशात टाकायचे, जिथं पूर्वी कवळी असायची.

मुदत संपल्यावर रंगाचा दिवस आला, आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात कठीण दिवस. दातांच्या रंगांची एक पट्टी असते, तिच्यावर सोळा दात ओळीनं टांगलेले. ए म्हणजे तांबूस-तपकिरी झाक, बी पिवळसर, सी करडी, डी तांबूस-करडी, आणि प्रत्येकात फिक्यापासून गडदपर्यंत. मामांनी पहिलाच, पांढराशुभ्र निवडला. डॉक्टर म्हणाली, वयाला ए-थ्री शोभेल. व्हिडिओ कॉलवरून न्यू जर्सीनं सांगितलं, तिकडं तर पट्टीच्या बाहेरचे पांढरे घेतात, वेगळे मिळतात. मामीनं ए-थ्रीचा दात मामांच्या गालाशी धरला, मग पांढरा धरला, मग दोन्ही खिडकीपाशी नेऊन बघितले. दिवाळीच्या साड्याही तिनं कधी एवढ्या निरखून घेतल्या नव्हत्या. "जरा पिवळेच घ्या," ती म्हणाली, "घरातले वाटले पाहिजेत."

दुसरा प्रश्न फटीचा निघाला. मामांच्या मूळच्या पुढच्या दोन दातांत बारीक फट होती. लग्नाच्या फोटोत आहे, नोकरीच्या ओळखपत्रावर आहे. मेणावर मांडलेले नवे दात तोंडात घालून बघितले तर ते एकाला एक चिकटून, ओळीत. मामा आरशात बघत राहिले. "हे छान आहेत," ते म्हणाले, "पण हा कोण आहे?" डॉक्टरनं दात बाहेर काढले, लॅबवाल्याला फोन लावला आणि तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी फट ठेवायला सांगितली. लॅबवाल्यानं दोनदा विचारून घेतलं, कारण लोक फट बुजवायचे पैसे देतात. डॉक्टरनं हे काम असं चोख केलं म्हणून मी तिला मनातून नमस्कार केला.

पक्के दात बसवताना एक मजा कळली. दातांच्या वरून स्क्रूपर्यंत जाणारं भोक शेवटी बुजवतात. आत स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या फितीची गुंडाळी दाबतात आणि वर दाताच्या रंगाचं सिमेंट. ती पांढरी फीत म्हणजे टेफ्लॉन टेप, नळाला गळती लागली की प्लंबर जी गुंडाळतो तीच. मामांनी ती ओळखली आणि बिलातला आकडा पुन्हा एकदा वाचला.

आता मामा सगळं खातात. पहिल्या आठवड्यात काकडी, पेरू, भाजलेलं कणीस, कडक भाकरी आणि ठेचा असा क्रम झाला. हुरड्याला तर ते गावाकडं खास जाऊन आले. पण घराला हे सोपं गेलेलं नाही. एक तर आवाज. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, बाजेच्या सुंभावर माणूस असावा तसा दात त्यांच्यावर टेकलेला असतो. किती जोरानं चावलं हे ते तंतूच कळवतात. हे दात थेट हाडात, त्यामुळे जोराचा अंदाज यायला वेळ लागतो, आणि दोन्ही जबडे नवे असले की टकटक वाजतं. सगळे जेवत असले की मामा कुठं बसलेत हे न बघता कळतं. दुसरं म्हणजे पूर्वी दात होते तेव्हा मेथीत कच लागली की मामा घास थांबवून मामीकडं बघायचे. आता कच लागत नाही. बारीक काही दाताखाली आलं तर पूर्वीइतकं चटकन समजतच नाही. नव्या दातांचा हा एक फायदा मामीला पहिल्या दिवसापासून मान्य आहे.

तिसरं, न्हाणीघर. हे दात काढता येत नाहीत, पण त्यांच्याखाली अन्न अडकतं. दात किडत नाहीत, भोवतीची हिरडी आणि हाड मात्र बिघडू शकतं. म्हणून पाण्याच्या बारीक धारेचं एक यंत्र आलं आहे, ते फर्र करून दाताखालून धार मारतं. मामा आत गेले की वीस मिनिटं ते फर्र चालू आणि आरशावर आदल्या दिवशीची भाजी. बाहेर शाळेला जाणारी नातवंडं रांगेत. पूर्वी आजोबांचे दात पेल्यात बघायला मिळायचे, मित्रांना दाखवायला आणता यायचे. ते गेलं आणि वर ही रांग, अशी त्यांची दुहेरी तक्रार आहे.

आणि सवलती बंद झाल्या. परवा मामांनी पडवळ बाजूला सारलं तर सून म्हणाली, "आता तर दात आहेत ना, बाबा?" लग्नात त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं, ते पंधरा मिनिटं बोलले, सगळे 'स' बिनचूक, लोक जेवायला उठून गेले. आत्याचा फोन आता त्यांनाच घ्यावा लागतो. रागावले की नातवंडं खरोखर घाबरतात, त्यामुळे हल्ली रागावणंही कमी केलंय.

ह्या सगळ्यात मामीच्या तोंडाकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही. मामी मिशरी लावते, आमच्याकडच्या कितीतरी बायका लावतात. पुरुषाचे दात पडले की घरात त्याची बातमी होते. बाईचा दात पडला की ती एक पदार्थ खायचं सोडते, आणि पदार्थ रांधायला दात लागत नसल्यामुळे कुणाला काही कळत नाही. मामीनं आधी शेंगदाणे सोडले, मग सुकं खोबरं, मग भाकरीचा पापुद्रा. सगळ्यांचं झाल्यावर ती दुधात भाकरी कुस्करून खाते, तिला आवडते म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा मामांनी एक शेवटची शंका काढली. "मॅडम, माणूस गेल्यावर ह्याचं काय होतं?" डॉक्टरला सवय असावी. टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळतं, चितेत एवढी उष्णता होत नाही, स्क्रू तसेच राहतात, असं तिनं सांगितलं. मामा काळजीत पडले. आमच्याकडच्या अस्थी तशा कराडच्या प्रीतिसंगमावरच जातात, पण मामांनी आपल्या नाशिकला न्यायला सांगून ठेवलंय, कारण रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. हे आठ स्क्रू काही विरघळायचे नाहीत.

"कुंडात कशाला टाकायचे एवढे महागाचे?" मामी मागच्या स्टुलावरून म्हणाली. "सावडायच्या दिवशी मी वेचून ठेवीन. मला बसतील का ते, मॅडम?"

मामा नव्या दातांनी हसले, फटीसकट. डॉक्टरही हसली. मग तिनं हातमोजे बदलले, खुर्चीवरचा दिवा मामांच्या तोंडावरून बाजूला केला आणि म्हणाली, "आजी, वापरलेले चालत नाहीत. पण तुम्ही जरा इथं बसता का? आ करा बघू."

"मी?" मामीनं पदर तोंडावर ओढला आणि पिशवी उचलली. "मला काय झालंय? मी नुसती सोबत आलेय, अर्ध्या तिकिटात."